लग्नघरची पहिली वडी

श्रीअन्नपूर्णेच्या चरणी मस्तक ठेवून आणि विघ्नहर्त्याचे स्मरण करून या चार ओळी लिहितो. आमच्या बाभुळगावच्या महिला केंद्रात यंदाच्या वड्यांसाठी मूग भिजत पडले. त्या निमित्ताने एका गृहस्थाची आठवण लिहून ठेवावी, असा तिथल्या भगिनींचा आग्रह आहे.

ते गृहस्थ तळलेली मुगवडी जिभेवर ठेवीत, डोळे मिटीत आणि उजव्या हाताचे बोट वर करीत. तेवढ्यात कुणी बोलू लागले, तर डोळे न उघडताच म्हणत, “थांबा जी! आधी जिभेले बोलू द्या, मंग आपण बोलू.” केंद्रातल्या पंधरा-वीस जणी श्वास रोखून त्यांच्या मुखाकडे पाहत राहत.

ते धान्याचे अडते होते. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलुख पालथा घालीत. वडिलांनी तांड्याजवळ शेती धरली आणि यांनी गावात अडत घातली. घरात बंजाऱ्यांची गोरबोली, दुकानात वऱ्हाडी, आणि माझ्याशी बोलताना, “गुरुजी, तुमच्यासारखी शुद्ध मले येत नाही, पण भाव शुद्ध हाय,” असे हसून सांगत.

एकोणीसशे साठच्या आगेमागेचा तो काळ. विधवा आणि टाकलेल्या स्त्रियांसाठी आम्ही काही मंडळींनी हे केंद्र काढले होते. पाठशाळेत शिकवण्याखेरीज मला व्यवहार ठाऊक नव्हता. समितीतल्या इतरांनाही फारसा नव्हता. देणग्या आटल्या. पावसाळ्यापूर्वी केंद्र बंद करावे, असे समितीत ठरले. म्हणजे या भगिनींनी पुन्हा भावाच्या किंवा दिराच्या दारात उभे राहायचे. यमुनाबाई त्यांच्यात सर्वांत वडील. त्या मला एवढेच म्हणाल्या, “गुरुजी, तिथं जेवाले भेटते, पण ताट कोणी सरकवत नाही, ढकलते.”

मी देणगी मागण्यासाठी अडतीवर गेलो. गृहस्थांनी चहा पाजला आणि देणगी साफ नाकारली. “पैसा खाऊन संपते. बाजारच्या दिवशी मीच येत जाईन.”

आणि ते खरेच येऊ लागले. पहिल्याच बाजारी त्यांनी मला उपरण्यासह आमच्या वड्यांच्या पाटीपाशी उभे केले. “गुरुजी, मालाकडे नका पाहू, गिऱ्हाइकाकडे पाहा. काय करून राह्यली ते बाई?”

“वडी हातात घेऊन पुन्हा खाली ठेवते आहे.”

“काहून?”

मी पुन्हा त्या बाईकडे पाहू लागलो. ते म्हणाले, “कच्च्या वडीची चव कशी समजन तिले? तळून द्या!”

पुढच्या बाजारी शेगडी आणि कढई आली. त्या वासाने निम्मा बाजार आमच्याकडे वळला. पळसाच्या पानांत बांधलेले पुडे दुपारपर्यंत संपले, आणि यमुनाबाईंना तोंडाला पदर लावून हसताना मी प्रथमच पाहिले.

यशाने गृहस्थांना हुरूप आला. लग्नसराई जवळ येत होती. “एकेका लग्नाले केवढ्या वड्या लागतात! सगळ्या आपणच करू.” त्यांनी स्वतःच्या अडतीतले मूग आणून टाकले. भगिनींनी मान खाली घालून ते भिजवले, वाटले, त्यांच्या वड्या घातल्या. गच्ची वड्यांनी भरून गेली. गृहस्थ घरोघर नमुना घेऊन फिरले. प्रत्येक घरी चवीची स्तुती झाली. एकाही घराने वड्या सांगितल्या नाहीत.

ते खिन्न होऊन परतले, तेव्हा यमुनाबाई हळूच म्हणाल्या, “भाऊ, लग्नाची पहिली वडी सवाष्णीच्या हातची लागते. आमच्या हातची कोण घेईन?”

ते थक्क झाले. “आमच्या घरी तं लग्नाचं सगळं माह्या म्हाताऱ्या याडीनंच, मायनंच केलं! बाप मरून कितीक वर्षं झालती. मले काय मालूम!” मग कळवळून म्हणाले, “पण तुमी मले आधी काहून नाही सांगतलं?”

“तुमी इतके खूश होते. जीभच उचलली नाही.”

ते माझ्याकडे वळले. “गुरुजी, पोथीत काय हाय?”

मी म्हणालो, “अन्नाचा अनादर करू नये, असे आहे. रांधणाऱ्या बाईच्या कपाळावरच्या कुंकवाची चौकशी करावी, असे माझ्या वाचनात नाही.”

“मंग हे इथं कोपऱ्यात काहून सांगता? चारचौघात सांगा!”

त्यांच्या कन्येचे लग्न ठरलेच होते. वड्यांची चाल मूळ त्यांच्या घरची नव्हे, पण गावात राहून ती त्यांनी उचलली होती. पहिल्या वडीच्या मुहूर्ताला त्यांनी गावातल्या प्रतिष्ठित गृहिणींना बोलावले. पाट मांडला, पीठ ठेवले आणि पाटावर यमुनाबाईंना बसवले. कुजबुज सुरू झाली. दोघी-तिघी उठून गेल्या. यमुनाबाईंनी पिठातला हात मागे घेतला. गृहस्थांच्या पत्नी, बांगड्यांनी भरलेले दोन्ही हात पुढे करून, त्यांच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, “याडी, तू घाल. माही पोरगी हाय, मले पायजे.”

मी मोठ्याने गणेशस्मरण सुरू केले. पहिली वडी पडली.

गाव एका दिवसात पालटले, असे मी लिहिले तर ते असत्य होईल. त्या सराईत दोनच घरांनी वड्या नेल्या. त्यांतल्या एका घरचा गडी तर दिवेलागणीला मागच्या दाराने आला. “कोणाले सांगू नका,” म्हणाला. भगिनींना ते लागले. गृहस्थ मात्र खळखळून हसले, “मागच्या दारानं आला तं काय, गिऱ्हाईकच हाय!” त्या दोन घरांच्या आणि बाजारच्या विक्रीवर पावसाळा निभला. केंद्र बंद करण्याची गोष्ट समितीने पुन्हा काढली नाही.

पुढे काही वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात, अल्पशा आजाराने ते गृहस्थ गेले. त्यानंतरच्या सराईची गोष्ट. सकाळच्या प्रहरी केंद्रासमोर बैलांची एक रेंगी येऊन थांबली. पाटावरून उठून गेलेल्यांपैकी एक गृहिणी तीतून स्वतः उतरल्या आणि म्हणाल्या, “यमुनाबाई, नातीचं लग्न हाय. पहिली वडी तुमी घाला, चाला.”

यमुनाबाईंनी हात धुतले, पदर नीट केला. अडतीच्या दिशेला तोंड करून क्षणभर हात जोडले आणि त्या रेंगीत चढल्या.

वाचकहो, आपल्या घरी मंगल कार्ये घडोत. त्या कार्यांत राबणारा प्रत्येक हात आपल्या पंगतीत मानाने बसो, आणि अन्नपूर्णा आपल्या कुटुंबावर अखंड प्रसन्न राहो.