सुनेची कोळंबी आणि ह्यांचं मनगट

तेव्हा मी तरुण होते, म्हणजे पासष्टीला टेकले होते, आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. मुलाच्या बदलीमुळे आम्ही जयपूरला आलो. सून इथल्या एका प्रयोगशाळेत काम करायची. जोरात वाहणारं रक्त थांबवेल असा स्पंज ती तयार करत होती, तोही कोळंबीच्या सालांपासून. शेजारणींना मी नुसतं "बहू डॉक्टर है" एवढंच सांगायचे. एकदा दिल्लीला दाखवायला न्यायची म्हणून तिने स्पंजाची पाकिटं घरी आणली, तर मी ती पिशवी बाल्कनीतल्या खिळ्याला टांगायला लावली.

"आई, त्याला कोळंबीचा वाससुद्धा नाहीये."

"असू दे. तिला बाहेरची हवा मानवते," मी म्हणाले. केवढी विनोदी होते मी.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. मुलगा टूरवर होता. आमच्या तिलक नगरच्या सगळ्या गच्च्या पतंगवाल्यांनी भरलेल्या. हे वर उन्हाला बसले होते. हृदयाची झडप बदलल्यापासून ह्यांना रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू. तरी कठड्याला अडकलेला मांजा सोडवायला गेले, आणि पलीकडून कोणीतरी तो हिसडला. मांजा मनगटात रुतला.

मी पोचले तेव्हा स्वेटरची बाही भिजून फरशीवर धार लागली होती. मी हळदीसाठी वळले, तोवर सुनेने पंचा मनगटावर दाबून हात वर धरला होता.

"हळद नको. इथे दाबा, मी खालच्या मजल्यावरच्या भैयांना गाडी काढायला सांगते. उचलून बघू नका."

मी बघितलं. भात शिजला का म्हणून झाकण उचलावं तसं. रक्त उसळून माझ्या बोटांवर आलं, कोमट. ह्यांचे ओठ पांढरे पडले. परत आलेल्या सुनेने माझा हात बाजूला केला आणि स्वतःचा ठेवला.

निघताना मी खिळ्यावरची पिशवी ओढून घेतली. गाडीत तिच्यापुढे धरली. "लाव तुझा स्पंज."

"नाही, आई."

"माझ्या सोवळ्याचं मनावर घेऊ नकोस गं."

"त्याचं नाही. अजून माणसावर वापरलेलाच नाही. त्यातून बाबांच्या ह्या गोळ्या. मतलब, स्पंजाने धरलेली कच्ची गुठळी सुटून पुढे गेली तर?"

"मग नुसता पंचा?"

"पंचा आणि मी."

"ठरलं की सांगा," हे पुटपुटले, आणि डोकं माझ्या खांद्यावर टाकलं. ते फार जड लागलं. गाडी सिग्नलला अडकलेली, वर गच्च्यांवर "वो काटा"चा जल्लोष, आणि मी ह्यांच्या नाकासमोर बोट धरून श्वास तपासत होते. पिशवी मांडीवर होती. ती फाडून स्पंज स्वतःच कोंबावा, असं दोनदा मनात आलं. सून माझ्या हातांकडेच बघत होती.

रुग्णालयात ह्यांना आत नेलं. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो.

"लावला असतास तर थांबलं असतं?" मी विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

एवढं शिकून माहीत नाही, असं टोमण्याचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. पण तिची बोटं अजून पंचा धरल्यासारखी वाकलेली दिसली, म्हणून गिळलं.

बऱ्याच वेळाने नर्स आली. "टाँके लग गए. चाय माँग रहे हैं."

मी सुनेचा हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट चोळून सरळ करू लागले. करंगळीपर्यंत आले, तेव्हा कुठे ती रडली.