टबात मावेल एवढंच

गल्लीत तिला सगळे इस्त्रीबाई म्हणत. ती लाँड्रीत इस्त्री करायची हे तर झालंच, पण जवळ गेलं की चटका बसायचा हे खरं कारण. तोंडावर हाक मारली तरी ती "ओ" द्यायची, आणि मग असं काही ऐकवायची की पुन्हा हाक मारायची हौस फिटावी.

नवऱ्याचं घर सोडून ती धाकट्या भावाच्या दारात उभी राहिली तेव्हा तिच्या एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात काचेची बरणी. बरणीत नाण्याएवढं हिरवं कासव.

"वन्सं, घरात तोंडं काय कमी होती?" भावजय म्हणाली.

"हे तोंड तुझ्यासारखं चालत नाही. काळजी करू नकोस."

असा गृहप्रवेश. भावाने दोघींच्या मध्ये उभं राहून निकाल दिला. कपडे भिजवायचा एक जुना निळा टब होता, तो बहिणीच्या मागच्या खोलीत ठेवला. "ताई, ह्या टबात मावतंय तोवर राहू दे. मावेनासं झालं की तळ्यात सोडून यायचं. मग रडायचं नाही."

ती रडणाऱ्यातली नव्हतीच. पण त्या दिवसापासून टब तिच्या डोक्यात बसला. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराने तिला सांगितलं होतं, "कासव भांड्याएवढंच वाढतं बाई. खायला कमी घाला, आहे तेवढंच राहील." तिने हे देववाणीसारखं धरलं. सकाळी कामावर जाताना चिमूटभर दाणे, तेही एक दिवस टाकून एक दिवस. सुट्टीच्या दिवशी ती त्याला बाहेर काढायची, उताणं करायची आणि पोटाकडून टेप लावायची. कासव चारी पाय हवेत झाडायचं, नख लागलं की तिच्या मनगटावर ओरखडा उठायचा. "वाढलास तर बघ," ती त्याला दटावायची. ह्या घरात तिचं म्हणावं असं तेवढं एकच होतं, आणि ते राहावं म्हणून ती त्याला उपाशी ठेवत होती.

तरी ते वाढलंच. नाण्याचं बशीएवढं झालं, बशीचं ताटलीएवढं. वर पाठ मध्येच फुगलेली, कडा वर वळलेल्या. इस्त्रीबाईने दाणे आणखी कमी केले. पुढच्या वेळी टेप दोन बोटं पुढेच सरकलेली. तिला काही उमजेना.

उमज पडली ती एका सुट्टीच्या दुपारी. ती टबाजवळ बसली होती आणि कासव मान आत ओढून तळाशी गप्प होतं. तिला बघितलं की ते हल्ली असंच करायचं. एवढ्यात भावजय चादर काढायला खोलीत आली. तिची पावलं वाजली आणि कासव उसळलं! मान ताणून, पुढचे पाय फडफडवत ते टबाच्या त्या बाजूला गेलं आणि तोंड उघडून प्लास्टिकवर धडका मारू लागलं.

इस्त्रीबाई उठलीच. "तू ह्याला खायला घालतेस."

"घालते." भावजयीने चादर हातावर घेतली. लपवालपवी तिच्या स्वभावात नव्हती. "रोज घालते. पालेभाजीची पानं, मासळीची मुंडकी. लवकर मोठं व्हावं आणि एकदाचं घराबाहेर जावं म्हणून. आणि तुम्ही कामावर गेलात की टब मागच्या पायरीवर उन्हात ओढते. वास येतो घरभर."

"वैरीण आहेस माझी."

"आहे ना. पण तुमच्यासारखी उपाशी नाही मारत कुणाला. देवाच्या दारात हे कोणत्या तोंडाने सांगाल?"

भाऊ आतून आला. कासव एव्हाना टबात सरळ वळूही शकत नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "ताई, ठरलं होतं."

तिने कासव टॉवेलात गुंडाळलं आणि तडक जनावरांच्या डॉक्टरकडे गेली. भावजयीने त्याचं काय करून ठेवलंय ते कागदावर लिहून आणायचं आणि भावाच्या तोंडावर फेकायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

डॉक्टरने पाठ बोटाने दाबून पाहिली. "आधी हाल केलेत ह्याचे. कवच वाकडं झालंय ते आता सरळ होणार नाही. भांडं लहान ठेवून कासव लहान राहत नाही, बिघडतं. पण ही कडेची नवी वाढ बघा, कडक आहे. अलीकडे कुणीतरी ऊन आणि पोटभर खाणं दिलंय, म्हणून वाचलं. तुम्हीच का?"

इस्त्रीबाईने टॉवेल पुन्हा कासवाभोवती ओढून घेतला.

"तळ्यात सोडलं तर?" तिने विचारलं.

"मुळीच नको. घरात वाढलंय, तिथे जगायचं नाही. जगलं तर तिथल्या जिवांना जगू देणार नाही."

दुसऱ्या दिवशी लाँड्रीतला मोडीत काढलेला प्लास्टिकचा लांबरुंद हौद हातगाडीवरून घरी आला. तिने आपली कॉट उभी करून दाराबाहेर काढली आणि तिच्या जागी हौद ठेवला.

"झोपणार कुठे?" भाऊ ओरडला.

"खाली. तुझी इंचभर जागा जास्त घेतलेली नाही. मोजून बघ."

त्याने मोजलं नाही. कॉट पायाने ढकलून तो निघून गेला.

राहिलं ऊन. हौद काही ओढून पायरीवर नेता येणार नव्हता, रोज कासवच उचलून न्यावं लागणार होतं, आणि भर दुपारी ती लाँड्रीत असायची. सकाळी डबा घेऊन ती स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळली. विनंतीचे शब्द तिच्या जिभेला सवयीचे नव्हते.

"दुपारी वास येईल. सोसवला नाही तर काढ बाहेर."

"काढीनच. तुमच्या परवानगीवाचून अडलंय थोडंच."

"दोन्ही हातांनी मागून धरायचं. पुढून धरलंस तर चावेल. आणि उताणं—"

"मला शिकवू नका, वन्सं." भावजयीने पिठाचे हात तिच्यापुढे उलटेपालटे केले. "तुमची मनगटं बघा आणि हे बघा. आहे एक तरी ओरखडा?"

नव्हता. इस्त्रीबाईने डबा पिशवीत कोंबला आणि दार आपटून ती कामावर गेली.