हसऱ्या मंडळींची खुर्ची

आमच्या लोणावळ्यात एक क्लब आहे. चिक्कीवाले, हॉटेलवाले, दोन-चार डॉक्टर, निवृत्त रेल्वेवाले. बैठकीला रंगीत कागदी टोप्या घालून बसायचं, एकमेकांना 'बंधू' म्हणायचं, आणि तोंड पाडून येणाऱ्याला दंड. सुरुवातीला म्हणे दंडाच्या पैशांची भेळ यायची. मग एका पावसाळ्यात डोंगराकडच्या पाड्यावरची छपरं उडाली, तेव्हा भेळ बाजूला राहिली आणि त्या पैशांच्या ताडपत्र्या पाड्यावर गेल्या. तेव्हापासून दंड गरिबांसाठी. चष्मे, कुबड्या, व्हीलचेअर.

या क्लबावर मी पत्रक काढलं होतं. 'टोप्या घालून दान, गरिबाचा अपमान!' मथळा माझाच. त्यातलं एक वाक्यही मागे घेत नाही. व्हीलचेअर हा हक्क आहे, कुणाच्या करमणुकीतून उरलेला चुरा नव्हे.

पण मी ते पत्रक स्टेशनबाहेर वाटत होते, तेव्हा माझे वडील घरात खाटेवर पडून होते. आबांच्या अंगावरून वारं गेलं, डावी बाजू गेली, रिक्षा विकली. त्यांच्या खुर्चीसाठी मी कचेरीत अर्ज दिला, स्मरणपत्रं दिली, उपोषणाचा इशारा दिला. दर वेळी पोच मिळाली. आबांना अंगणात न्यायला दोन माणसं लागायची. एक आई. दुसरी शेजारची मावशी, कारण मी मोर्चात.

शेवटी आबांनी स्वतःच क्लबाला फोन लावला. मला कळलं ते क्लबाच्या खुर्ची द्यायच्या कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी.

"आबा, हक्काचं मिळणार आहे. भीक कशाला?"

"मिळंल तवा मिळंल. मला स्टँडवर जाऊन च्या प्यायचाय. तुजा हक्क येईस्तवर मी ऱ्हातो का न्हाई, कुनाला ठावं!"

क्लबाची एक रीत आहे. ज्याला मदत द्यायची त्याच्या गळ्यात शिट्टी घालतात. त्या संध्याकाळी तोच साहेब. जो हसत नसेल त्याला दंड ठोकायचा. आबांच्या डोक्यावर गुलाबी टोपी, उजव्या हातात शिट्टी. मी मागच्या रांगेत हाताची घडी घालून, आतून जळत. आबांनी एका हॉटेलवाल्यावर शिट्टी मारली, एका डॉक्टरवर मारली. मग बोट थेट माझ्याकडे.

"ती! माजी लेक हाये. वरीस झालं, घरात हसली न्हाई!"

हॉल हशाने फुटला. पैशांऐवजी शिक्षा ठरली, कोंबड्यासारखं आरवायचं. मी आरवले. वाईट आरवले. आबा अर्ध्या तोंडाने हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वर्षभर हा माणूस हसला नव्हता, हेही मला तिथेच कळलं. हिशेब मी फक्त कचेरीचा ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी खुर्ची ढकलत त्यांना कुसगावच्या घरून रिक्षा स्टँडवर नेलं. खुर्चीच्या पाठीवर लाल अक्षरांत क्लबाचं नाव. ते आबांना दिसत नव्हतं. मला वाटभर वाचावं लागलं. चीड आली. फोटो, टोप्या, नाव, सगळ्याची अजूनही येते. पण ते नाव खरवडायला माझा हात धजला नसता.

स्टँडवर त्यांचे जुने सोबती गोळा झाले. "आलास व्हय रं! लय वाट बगाय लावलीस!" चहावाले भाऊ माझ्याकडे वळले. "ताई, खुर्ची तुमीच मिळवून दिली ना? तुमचं अर्जाबिर्जाचं लय चालतं."

आबांनी बशी तोंडाला लावली.

"मी नाही," मी म्हणाले. "त्या टोपीवाल्यांनी दिली."

स्टोव्हच्या आवाजात भाऊंना ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. सगळ्यांसमोर, मोठ्याने, मला पुन्हा सांगावं लागलं.