मोरीपर्यंत पोचलेली मुलाखत

फ्रान्समधल्या एका मॅडमनी आमची मोरी पाहिलेली आहे. आमच्या गल्लीत हा मान दुसऱ्या कुणालाही मिळालेला नाही. (समोरच्या काकूंचा मुलगा दुबईला आहे, पण त्यांची मोरी कुणा परदेशी माणसाने पाहिल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.)

याचं सगळं श्रेय आमच्या ऋतुजाला. ऋतुजा म्हणजे माझी मुलगी. शेतकी कॉलेजातून पदवी घेतली, आता चार मुलींसारखी बँकेच्या परीक्षेला बसेल असं आम्हाला वाटलं, तर तिच्या डोक्यात भलतंच! फ्रान्सला जाऊन शेळीच्या दुधाचं चीज करायला शिकायचं. तिकडच्या एका कॉलेजात तसा कोर्स असतो आणि निवड झाली तर फीसुद्धा तेच भरतात. अट एकच, मुलाखत फ्रेंचमधून द्यायची.

माझे दीर, नाना, वळसंगला शेळ्या राखतात. त्यांनी हे ऐकलं आणि बराच वेळ डोकं खाजवलं.

"शेळीचं दूध नासवायला इतक्या लांब? हितं आपल्या सोलापूरच्या उन्हात ठिवलं तर आपोआप नासतंय की!"

पण ऋतुजा हटणाऱ्यातली नाही. (माझ्यावर गेली आहे.) मी घरी कडक भाकरीच्या ऑर्डरी घेते. मी परातीत भाकरी थापायची आणि ही ओट्याला टेकून फ्रेंच क्रियापदं घोकायची. एक दिवस म्हणाली, "आई, आजपासून इम्पारफे."

"म्हणजे काय गं?"

"भूतकाळ. पूर्वी नेहमी जे घडायचं ते यात सांगायचं. म्हणजे, मी शेळ्या राखायचे, तू ओरडायचीस."

"मी कधी ओरडायचे?" मी ओरडले.

"किंवा मग अचानक काही झालं, तेव्हा मागे जे चाललेलं असेल ते. म्हणजे बेल वाजली तेव्हा तू भाकरी थापत होतीस. यातलं 'थापत होतीस' म्हणजे इम्पारफे."

मुलाखतीत लहानपणाबद्दल विचारणारच, याची तिला खात्री होती आणि तिच्या सगळ्या सुट्ट्या गेल्या वळसंगला नानांच्या शेळ्यांमागे. त्यामुळे 'राखणे' या क्रियापदावर तिचा विशेष जोर. ज गार्दे, तू गार्दे, इल गार्दे, नू गार्दियों, वू गार्दिए, इल गार्दे! मी राखायचे, तू राखायचास, तो राखायचा... लिहायचं निरनिराळं आणि बोलायचं बहुतेक एकच! पण चाल इतकी झकास की माझी भाकरी त्या तालावर गोल व्हायला लागली आणि महिनाभरात ते सगळं मलाही तोंडपाठ झालं. त्यानंतर मी गल्लीत "आम्ही फ्रेंच शिकतोय" असं अनेकवचनात सांगायला सुरुवात केली.

मुलाखत दुपारी, घरूनच, लॅपटॉपवर होती. नियम कडक. खोलीत दुसरं कुणी नको, मागून कुणी काही सांगायला नको, तसं आढळलं तर मुलाखत तिथेच बंद! आमच्या दोन खोल्या. ऋतुजा बाहेरच्या खोलीत बसणार, मी आणि हे आतल्या स्वयंपाकघरात. मधे दार नाही, पडदा आहे.

"आई, एक शब्द नको," ती म्हणाली.

"मी कशाला बोलेन?"

"बाबा, आईकडे लक्ष ठेवा."

इथवर सगळं ठीक होतं. पण अकराच्या सुमाराला नाना आले, मोटारसायकलवर, पुढ्यात पोतं आणि पोत्यातून बाहेर आलेलं करडाचं डोकं! करडाचं पोट बिघडलं होतं. जनावरांच्या डॉक्टरनी इंजेक्शन दिलं आणि संध्याकाळी परत दाखवायला सांगितलं. मधला वेळ करडाने कुठे काढायचा? सख्ख्या भावाचं घर असताना? करडू आमच्या मोरीत बांधलं गेलं.

मुलाखत सुरू झाली. आम्ही तिघे पडद्यामागे रांगेत उभे. (स्वयंपाकघरात बसायचं ठरलं होतं, हे मान्य आहे. पण पोटची पोर फ्रेंच बोलतेय आणि आई गॅसपाशी बसून राहील, असं कोणत्या देशात होतं?) फटीतून मला मॅडम दिसल्या. पांढरे केस, चष्मा, चेहरा इस्त्री केल्यासारखा. त्यांनी काहीतरी विचारलं आणि आमची ऋतुजा जी बोलायला लागली! अडखळणं नाही, घाबरणं नाही. लहानपणी अंगणात मराठीसुद्धा इतकी भरभर बोलत नव्हती. माझ्या अंगावर काटा आला. एवढ्यात माझ्या कानावर ओळखीचं पडलं. गार्दे!

"अहो, गार्दे आलं!" मी ह्यांना कोपराने ढोसलं. "आता शेळ्या राखतेय ती!"

"हळू," हे म्हणाले.

"कुणाच्या शेळ्या? आपल्या?" नानांनी विचारलं.

"मग काय फ्रान्सच्या? तुमच्याबद्दलच सांगतेय, भावजी!"

नानांचे डोळे भरून आले. आजवर त्यांच्याबद्दल वळसंगच्या बाहेर कुणी काही बोललं नव्हतं, आणि आज थेट फ्रान्सला! माणूस हळवा झाला की त्याला काहीतरी करावंसं वाटतं. नाना हळूच मागे सरकले.

"कुठे निघालात?"

"नुसतं सांगून मॅडमला काय कळनार, वहिनी? जात चांगली हाय आपली. बघू दे की एकदा!"

मी अडवेपर्यंत त्यांनी मोरीत जाऊन करडाची दोरी सोडली होती. इंजेक्शनचा गुण म्हणा किंवा नानांच्या भावना म्हणा, त्या करडात एकदम जीव आला. ते नानांच्या हातून सुटलं, माझ्या भाकरीच्या परातीवरून उडालं आणि थेट पडद्यात घुसलं. पडदा आला, दांडी आली, आणि पडद्यामागची आम्ही मंडळी फोटोला उभी राहिल्यासारखी फ्रान्सला दिसलो.

करडाने ऋतुजाच्या ओढणीचं टोक तोंडात घेतलं. बाकी कुणीच हललं नाही.

मग मॅडमनी काहीतरी विचारलं. आवाज असा, की भाषा कळायची गरज नव्हती. ऋतुजाचा चेहरा पांढरा पडला. ती पुटपुटली, "विचारतायत, ही कोण माणसं, आणि मला उत्तरं कोण सांगत होतं?"

पोरीची वर्षभराची मेहनत माझ्या एका कोपराने मातीत जाणार! काहीतरी करायला हवं होतं. माफी मागायला हवी होती आणि तीही त्यांच्याच भाषेत. मी पुढे झाले, पदर सावरला, हात जोडले आणि मला येत असलेलं सगळं फ्रेंच एका दमात म्हणून टाकलं.

"बोंजूर! ज गार्दे, तू गार्दे, इल गार्दे, नू गार्दियों, वू गार्दिए, इल गार्दे!"

एकही चूक नाही!

आणि तिथेच सगळं बिघडलं. कारण आता मॅडमची खात्रीच पटली की मागे उभं राहून उत्तरं सांगणारी ती मीच!

"आई!" ऋतुजा एवढंच म्हणाली. तो आवाज मी विसरणार नाही.

नानांना वाटलं, आपणही काही बोललं पाहिजे. ते स्क्रीनजवळ वाकले. "मॅडम, जेवान झालं का?"

मॅडमनी हुकूम सोडला, सगळं घर दाखवा. आणखी कोण कोण लपलंय ते बघायचं होतं त्यांना! ऋतुजा लॅपटॉप हातात घेऊन निघाली. मॅडमनी आमची बाहेरची खोली पाहिली, स्वयंपाकघर पाहिलं, विखुरलेल्या भाकऱ्या पाहिल्या आणि शेवटी मोरी पाहिली. मोरीत करडाने काय काय करून ठेवलं होतं, ते मी लिहीत नाही. त्याचं पोट बिघडलेलं होतं, एवढं सांगितलंय.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग ऋतुजाला एक प्रश्न विचारला. आम्हाला वाटलं, निरोपाचं बोलतायत. पण ऋतुजाने एक मोठा श्वास घेतला, करडाच्या तोंडातून ओढणी ओढली आणि ताठ उभी राहिली.

प्रश्न असा होता (हे मला नंतर कळलं): करडू आत आलं, त्या क्षणी घरातलं कोण काय करत होतं, ते सांग. हे तर कुणी शिकवून ठेवलेलं असणं शक्य नव्हतं!

आणि माझी पोरगी बोलू लागली. प्रत्येक वाक्यात माझ्या ओळखीचा तो 'ए' येत होता. (अर्थ तिने नंतर सांगितला.) बाबा पडदा धरून उभे होते. काका करडामागे धावत होते. करडू ओढणी खात होतं. बाहेर भंगारवाला ओरडत होता, भाकऱ्या तव्याजवळ वाळत होत्या आणि ती स्वतः आपल्या लहानपणाबद्दल सांगत होती. मला एक अक्षर समजत नव्हतं आणि माझा ऊर भरून आला होता. ह्यांनी तर पडद्यालाच डोळे पुसले. मग तिने एक शेवटचं वाक्य टाकलं आणि त्या इस्त्रीच्या मॅडम अशा हसल्या, की चष्मा नाकावरून घसरला.

मुलाखत संपल्यावर मी पहिला प्रश्न तोच विचारला. "एवढ्या कशाला हसल्या गं?"

"तुझ्या वाक्याला."

"काय सांगितलंस माझ्याबद्दल?"

"'आणि माझी आई नेहमीप्रमाणे शांत उभी होती.'"

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. भाकरी करपायची, मीठ विसरायचे, ऋतुजाच्या फोनची टिंग वाजली की हातातली भाकरी टाकून धावायचे. शेवटी एका दुपारी ती फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात आली आणि माझ्या गळ्यात पडली. माझे हात पिठाचे. तिच्या पाठीवर दोन पंजे उठले, ते तिने दिवसभर झटकले नाहीत.

"झाली निवड, आई!"

मी रडले, हसले, देवापुढे साखर ठेवली, नानांना फोन लावला. ("करडू कामाला आलं की वहिनी!" असं म्हणून त्यांनी श्रेय वळसंगला नेलं.) मग जरा शांत झाल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मॅडमनी माझ्याबद्दल काहीच लिहिलं नाही?"

"लिहिलंय की. तुमच्या आईला नमस्कार सांगा, आणि येताना एकट्याच या."

म्हणून गल्लीत मी आता खरं तेच सांगते. मुलाखत आम्ही दोघींनी दिली होती, निवड एकीची झाली.