ठिपकेसाहेबांचा नवा पाना

ठिपकेसाहेब हे त्यांचं आडनाव नव्हे. गाड्यांच्या कारखान्यात ते शेवटच्या तपासणीला उभे असत. दुसऱ्याने आवळलेला नट टॉर्क पान्याने, म्हणजे ठरवलेला जोर लागला की वाजणाऱ्या पान्याने, तपासायचा, नट जागचा न हलता पाना ‘कट्ट’ वाजला की त्यावर पिवळा ठिपका द्यायचा. वाजायच्या आधी नट फिरला, तर आवळणाऱ्याची सगळ्यांदेखत अशी बिनपाण्याने करायची, की त्या माणसाला दुपारचा डबा गोड लागू नये. यात त्यांना फार सुख वाटे. लोक समोर मान डोलवत आणि पाठ फिरली की लाखोली वाहत. निवृत्तीच्या दिवशी हार घालायला तिघेजण आले, आणि त्यातला एक चुकून आला होता.

कारखान्याने जाताना त्यांचे कानही ठेवून घेतले. पहिली दहा वर्षं त्यांनी नट आवळायची हवेची बंदूक चालवली होती, तिच्या हादऱ्याने बोटांची टोकंही बधिर झाली होती. चहाचा कप हातात आहे की नाही, हे त्यांना बघून कळायचं. पण कबूल करतील तर शप्पथ! बायको ओरडून ओरडून दमली, तर तिलाच म्हणायचे, “तू तोंडातल्या तोंडात पुटपुटतेस.” मुलीने एकदा कानाच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे बाकावर बसलेल्या लोकांसमोर त्यांनी तिचा उद्धार केला, “बहिरा असेल तुझा नवरा!” मुलगी गाडीत येऊन रडली. ते त्यांना दिसलं, पण त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

जावयावर तर त्यांचा खास लोभ. हा विम्याच्या कचेरीत नोकरीला, स्वभावाने गरीब. घरात चार पाहुणे जमले की साहेब त्याच्या हातात पाना देत आणि विचारत, “कितीचा आहे, सांगा बघू जावईबापू?” त्याला सांगता आलं नाही की म्हणत, “राहू दे, तुम्ही आपले चमचेच सांभाळा.” पाहुणे हसत. जावईही हसायचा. सहा वर्षं हसला बिचारा.

मुलीच्या गाडीचं काम मात्र साहेबच करत. दारातल्या मोकळ्या जागेत गाडी जॅकवर चढवायची, चाकं काढायची, ब्रेक साफ करायचे. माणसाकडे एवढंच उरलं होतं, की आपण आवळलेला नट कुणी पुन्हा तपासत नाही. पण गेल्या वेळी एक नट इतका आवळला गेला, की तो सोडवायला मुलीला रस्त्यात अनोळखी माणसाला हाक मारावी लागली. साहेबांनी खापर पान्यावर फोडलं, म्हणाले स्प्रिंग गेली. मुलगी म्हणाली, “नवा पाना घ्या. पण या वेळी बिघडलं, तर गाडी गॅरेजला. मग माझ्या गाडीला हात लावायचा नाही.”

“पाना नीट असला की झालं,” साहेब म्हणाले.

दुकानात जावई बरोबर होता. निवड कशी करावी, हे बघावं तर साहेबांचं! चाकाचा नट अकरा किलोच्या जोराने आवळायचा, म्हणून अकरा हा आकडा मापाच्या मधोमध येणारा पाना मागितला, कारण अगदी टोकाला कुठलाच पाना खरं बोलत नाही. आकडे नुसते छापलेले नकोत, कोरलेले हवेत. मूठ कुलपासारखी जागेवर बसली पाहिजे. तपासणीचा कागद मागितला, त्यावरचा नंबर पान्यावरच्या नंबराशी ताडून पाहिला. दुकानदार मनापासून खूश झाला.

मग त्याने काट्याचा पाना पुढे केला. “साहेब, घरच्या कामाला हाच बरा. आवाजाची भानगड नाही, डोळ्यांनी काटा बघायचा. स्वस्त, आणि बिघडायला आत काही नाही.”

जगात एका माणसासाठी म्हणून कुणी पाना घडवला असेल, तर तो हा होता. साहेबांनाही ते कळलं. त्यांचा हात किंचित पुढे गेला. पण जावई बघत होता.

“हा शिकाऊ लोकांसाठी,” ते म्हणाले. “जावईबापूंना द्या. मला वाजणारा.”

दुकानदाराने वाजणारा पाना शिकंज्यात अडकवला आणि त्यांना जवळ बोलावलं. “ऐका, कसा खणखणीत आहे!”

साहेबांनी जाणकारासारखी मान डोलावली. दुकानदाराने अजून पाना ओढलाच नव्हता, नुसता अडकवून दाखवत होता. जावयाने हे पाहिलं आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं.

रविवारी सकाळी साहेब कामाला बसले. ब्रेक साफ झाले, चाक चढलं, गाडी खाली आली. मुलगी पायरीवर चहा घेऊन उभी, जावई शेजारी. साहेबांनी पाना अकरावर लावला, पहिल्या नटाला अडकवला आणि ओढला. वाजला. त्यांना काही ऐकू आलं नाही, बोटांनाही झटका जाणवला नाही. अंदाजाने थांबले. दुसऱ्यालाही तसंच. तिसऱ्याला मात्र त्यांचा धीर सुटला. त्यांनी मान वर केली आणि जन्मात कधी कुणाला विचारलं नव्हतं ते जावयाला विचारलं.

“वाजलं का हो?”

पाना नुकताच वाजला होता. जावयाने एकदा बायकोकडे पाहिलं. तिने चहाचा घोट घेतला.

“नाही वाजलं, बाबा,” जावई मोठ्याने म्हणाला. “ओढा अजून.”

साहेबांनी ओढला. पाना पुन्हा वाजला. “आता?”

“अंहं. जोर लावा.”

साहेब उठून उभे राहिले, दांड्यावर सगळं अंग टाकलं. नटाचा बोल्ट मुळापासून तुटला आणि साहेब पान्यासकट फरशीवर आपटले. कोपर सोलवटलं. त्यांनी आधी पान्याकडे पाहिलं, मग जावयाकडे. तो हसत नव्हता. हसला असता तर बरं झालं असतं.

“पाना खोटा निघाला,” साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला. “कागद आहे माझ्याकडे. आत्ता जाऊन बदलून आणतो.”

मुलगी पायऱ्या उतरून आली. कोपराकडे तिने पाहिलं नाही. त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि ओठ नीट हलवत, एकेक शब्द वेगळा काढत म्हणाली, “पाना चांगला आहे, बाबा. दर वेळी वाजला. मी पण ऐकत होते. गॅरेजवाल्याला मी कालच सांगून ठेवलंय, अकराला येतोय तो.”

तिने त्यांच्या हातातून पाना काढून घेतला. साहेबांनी तो सोडला की तिने ओढला, हे त्यांच्या बोटांना कळलं नाही.