शेजारच्या मावशीचा मार्च

मुलांनो, मार्च महिन्यावर आमच्या शेजारच्या मावशीइतका अविश्वास पृथ्वीवर दुसऱ्या कोणी दाखवला नसेल. सत्तर सालच्या आसपास आम्ही बोरिवलीला गावठाणाला लागून राहत होतो. मावशी गावठाणातली, तिथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांतली, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी. तिकडचा मार्च तसा लहरीच. पहाटे धुकं आणि गारठा, दुपारी टाळू भाजणारं ऊन, चारला खाडीवरून दमट वारा, मधेच आभाळ. मावशी अंगात स्वेटर, डोक्यावर छत्री आणि पाय अनवाणी अशी अंगणात उभी राही आणि हवेला नापास करी. "आज ऊन कच्चं हाय." दुसऱ्या दिवशी, "ऊन बरं हाय, वारा लबाड हाय." मी वर्तमानपत्रातला अंदाज वाचून दाखवला, तर म्हणाली, "तो लिवनारा मिरच्या वालवतो काय गो?"

सगळं मिरच्यांसाठीच चाललं होतं. त्यांच्यात वर्षाचा मसाला उन्हाळ्यात कांडून काळ्या बाटल्यांत ठासून भरतात. त्या वर्षी तिची धाकटी मुलगी नर्स म्हणून बहारीनला निघाली होती आणि मसाल्याची बाटली तिच्या ट्रंकेत जायलाच हवी होती. कांडणाऱ्या बायका शनिवारी येणार, मुलगी रविवारी जाणार. मिरच्यांना निदान तीन कडक उन्हं लागतात, हे मावशीनेच मला शिकवलेलं. तरी ती रोज आभाळात नवी खोड काढी. चांगली आठ उन्हं अशी वाया गेली. मुलगी म्हणे, "आये, तुला वरनं चिठ्ठी येनार हाय काय?"

शेवटी गुरुवारी मिरच्या चटईवर पडल्या आणि शुक्रवारी चारला पाच मिनिटांची सर आली. मग मिरच्या पलंगावर, कपाटावर, उघड्या ट्रंकेत नर्सच्या पांढऱ्या कपड्यांवरसुद्धा. घर शिंकत होतं. शनिवारी कांडणारीने एक मिरची मोडून पाहिली. ती मोडली नाही, नुसती वाकली. बायका पुढच्या घरी गेल्या. रविवारी मुलगी मसाल्यावाचून गेली.

सोमवारी आभाळ स्वच्छ. मावशी मिरच्या पसरत होती. माझ्या शिस्तीला राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, आठ दिवस आधी घातल्या असत्या तर?"

"ठावं हाय गो," ती मिरच्या परतत म्हणाली. "पन मिरच्या घातल्या म्हंजे पोर निंगाली, असं झालं असतं."

पुढे माझी लेक, तुमची आई, परदेशी निघाली. माझ्या घरात कुठलंच काम कधी रेंगाळलं नव्हतं. तिच्याबरोबर द्यायचं लोणचं मात्र राहून गेलं. बाजारातल्या कैऱ्या काही बऱ्या दिसत नाहीत, असं मी पंधरा दिवस म्हणत होते.