थांबाकाकांचे मीठ

थांबाकाकांचे खरे नाव मला माहीत नाही, आणि आता त्यांना विचारायची सोय राहिली नाही. डोंबिवलीत ठाकुर्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचे किराणा दुकान होते. ओट्याची पायरी चढणाऱ्या प्रत्येकाला, तो काय मागतो आहे हे ऐकून घेण्याच्या आधीच, ते उजव्या हाताचा पंजा दाखवत आणि म्हणत, "थांबा." दुकानात दहा माणसे असली तरी थांबा आणि तुम्ही एकटेच असलात तरी थांबा. मग ते तराजूची पारडी पुसत, दोरीचा गुंता सोडवत, डाळीतला एखादा खडा बाहेर फेकत आणि नंतर कुठे तुमच्याकडे वळत. कोणी कुरकुर केली तर त्यांचे उत्तर ठरलेले असे, "घाई तुमची आहे. ती घरी ठेवून यायचं."

आम्ही मायलेकी राहत होतो त्या चाळीत अर्धी माणसे पहाटेच्या गाडीने कामाला जाणारी आणि अंधार पडल्यावर परतणारी. माझी आई कल्याणला स्टेशनजवळच्या एका खाणावळीत स्वयंपाकाला होती. मी ठाण्याच्या एका कचेरीत टायपिस्ट होते. म्हणजे दुकान गाठायला आमच्या हातात दोनच वेळा, भल्या सकाळी किंवा दिवे लागल्यावर. आणि नेमक्या याच दोन वेळांवर काकांनी कायदे करून ठेवले होते.

सकाळचा कायदा भवानीचा. दिवसाची पहिली विक्री गुळाचीच झाली पाहिजे, असा त्यांचा हट्ट. तुम्ही घासलेटाची बाटली घेऊन उभे असा, काड्याची पेटी मागा, तुमची गाडी सुटो, तुमचा साहेब रागावो. गूळ मागणारे गिऱ्हाईक येईपर्यंत दुकान सुरू व्हायचे नाही. "भवानी व्हायचीय. थांबा." शेवटी मी रोज सकाळी आधी गुळाचा खडा मागू लागले आणि मगच माझी काड्याची पेटी. चाळीतल्या सगळ्यांनी हाच मार्ग धरला. आमच्या घरात चहाला साखर नसे, ती रेशनवर. पण गुळाने डबे भरलेले! आई म्हणे, "अगं सुमे, मुंग्यांना जेवायला बोलावलंयस का?"

संध्याकाळचा कायदा मिठाचा. दुकानातला कंदील लागला की मीठ बंद. त्या काळात धान्यावर सरकारचे कंट्रोल होते, कापडावर होते. मीठ तेवढे मोकळे, तर त्याच्यावर काकांचे कंट्रोल! शिवाय मिठाचे पोते दुकानात नसे, ओट्यावर असे. मिठाला पाणी सुटते, फरशी खराब होते, म्हणून खाडीकाठच्या मिठागरातून आलेले ते जाडे मीठ रात्रंदिवस बाहेरच. दुकानाच्या फळ्या लागल्या तरी पोते तिथेच उघडे. कोणी चिमूटभरसुद्धा उचलत नसे. तुम्ही त्या पोत्याला टेकून उभे राहा, त्यावर हात ठेवा, पण विकत मागा, की पंजा वर. "दिवा लागला. आता सकाळी."

"सकाळी तुमची भवानी असते!" गुळाची युक्ती सापडायच्या आधी मी ओरडले होते एकदा.

"मग रविवारी या."

"रविवारी दुकान बंद असतं!"

"मला नको का सुट्टी? तुम्हाला पाहिजे, मला नको?"

हा सरळसरळ अन्याय होता आणि मी तो सहन करणारी नव्हते. आम्हा नोकरदार मुलींचे एक मंडळ होते, त्याच्यातर्फे मी पत्रक काढले. 'डोंबिवलीतील नोकरदार बंधुभगिनींनो, मीठ हा आपला हक्क आहे!' असा मथळा. स्टेशनापलीकडच्या दुकानदारांनाही मी त्यात सोडले नव्हते, कारण तेही हाच कायदा पाळत. त्यांनी मला ओट्यावर उभे करायचे बंद केले. काकांनी मात्र पत्रकांचा अख्खा गठ्ठा मागून घेतला. मला वाटले, माणसाच्या मनावर परिणाम झाला. दुसऱ्या दिवशी हळद घ्यायला गेले तर माझ्याच पत्रकाची पुडी! पुडी बांधायच्या आधी त्यांनी ते पत्रक मोठ्याने वाचले, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, अडखळत, एकेक शब्द. "'जुलमी' छान लिहिलंयस. कागद पण जाड आहे. मिरचीला टिकत नाही, हळदीला चालतो. पुढारीणबाई, अजून छाप."

अशा माणसाशी भांडायचे तरी कसे?

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आईच्या खोकल्याने उचल खाल्ली. खाणावळीच्या चुलीचा धूर तिच्या छातीत बसला होता. डॉक्टर म्हणाले, चूल सोडा. सोडून खायचे काय? तेव्हा खाणावळीच्या मालकाने एक वाट दाखवली. "बाई, यंदाचं लोणचं तुम्ही घरून घालून द्या. पंगतीला पसंत पडलं, तर लोणची-पापड सगळं तुमच्याकडे. चुलीपुढे उभं राहायला नको." आईने एक दिवस रजा घेतली. टोपलीभर कैऱ्या आणल्या, चाळीतल्या बायकांनी विळ्या काढून त्या चिरल्या. मी कचेरीतून घरी आले तर आई परातींच्या मध्ये कपाळाला हात लावून बसलेली.

"सुमे, मीठ कमी पडलं. अर्ध्या फोडी कोरड्याच आहेत."

"शेजारी माग."

"वेडी की काय? दिवेलागणीला मीठ कोण देतं?"

चाळभर मीठ होते आणि एकही डबा उघडणार नव्हता. रात्रभर फोडी तशाच राहिल्या असत्या तर सकाळी काळ्या पडून उकिरड्यावर गेल्या असत्या आणि आई पुन्हा चुलीपुढे. मी पिशवी उचलून धावले. काकांच्या कंदिलाची काच अजून धुरकटच होती, इतका तो नुकता लागला होता.

"काका, मीठ."

"थांबा."

"थांबायला वेळ नाही! कैऱ्या चिरून पडल्यात."

त्यांनी वर बोट दाखवले. "दिवा लागला."

"आत्ता लागलाय! काडी अजून तुमच्या हातात आहे!"

"लागला तो लागला."

"पोतं माझ्या पायाशी आहे, काका!"

"आहे ना. मी कुठं नाही म्हणतो? मी विकणार नाही. तुला न्यायचं तर ने. मी काही राखण करत बसलेलो नाही. हा बघ, आत चाललो."

"म्हणजे चोरी करू?"

"ते तुझं तू बघ."

आता सांगा, काय करावे? पिशवी भरून घरी जाता आले असते. पण ज्या हक्कासाठी पत्रक काढले, त्याची चोरी करायची? मी ओट्यावर बसले. "पैसे घेऊन मीठ मिळेपर्यंत मी हलणार नाही."

मागे चहाची पूड घ्यायला आलेले एक गृहस्थ म्हणाले, "अहो, हिचा सत्याग्रह होईपर्यंत आमच्या आधणाची वाफ झाली. घ्या ना बाई ते मीठ!"

काका आतून म्हणाले, "पुढारीणबाईंना चोरी जमत नाही आणि थांबणंही जमत नाही. राजकारणात करणार काय?"

इतक्यात खोकत खोकत आई आली. माझ्याकडे तिने पाहिलेही नाही. पदर खोचला आणि सरळ विचारले, "शेट, दिवा लागल्यावर मीठ दुकानातून बाहेर जायचं नाही, एवढंच ना?"

"एवढंच."

"मग कैऱ्या आत येतात."

काकांचा पंजा वर गेला. "थां—"

"नाही थांबत," आई म्हणाली.

तो पंजा अर्ध्यावरून खाली आलेला मी पहिल्यांदा पाहिला. काका उठले, डाळीची पोती भिंतीला लावली, जमीन पुसली, चपला बाहेर काढायला लावल्या. चाळीतल्या बायका डोक्यावर पराती घेऊन आल्या, काकांनी मिठाचे पोते ओट्यावरून स्वतः आत ओढले, आणि वाण्याच्या दुकानात, गुळाच्या ढेपांशेजारी, आमच्या लोणच्याला मीठ लागले. काका वाकून सूचना देऊ लागले, "अजून दोन ओंजळी. पाणी सुटेल."

"लोणचं मी घालतेय. तुम्ही कंदील धरा."

त्यांनी धरला.

बरण्यांच्या तोंडाला कापडाचे दादरे बांधले, पण त्या घरी न्यायच्या नव्हत्या. आत मीठ होते ना! मांजर येईल म्हणून काकांनी आपले अंथरूण बरण्यांना चिकटून घातले. सकाळी फळ्या निघायच्या आधी मी पैसे घेऊन हजर. म्हटले, आता तरी माझ्या हातून मिठाची पहिली विक्री होईल आणि हा कायदा मोडेल. काकांनी माझ्याकडे दयेने पाहिले.

"मिठाची भवानी कुणी करतं का? आधी गूळ घे."

घेतला. काय करणार!

लोणचे पंगतीला पसंत पडले. घरातल्या सगळ्या गुळाचे आईने गोड लोणचे घातले, तेही खपले. पावसाळ्याच्या आधी आईने चूल सोडली. आमच्या मंडळातल्या मुली विचारत राहिल्या, "अगं, मिठाच्या लढ्याचं काय झालं? जिंकलात की हरलात?" मला उत्तर देता येईना, आणि मला त्याचाच संताप येई. मागणी मान्य झाली नव्हती. नियमाचा काना-मात्राही बदलला नव्हता. तरी बरण्या भरल्या होत्या. माझे मत तेव्हा होते तेच आज आहे. ज्याच्याकडे मीठ आहे त्याने मागणाऱ्याला ते कोणत्याही वेळी विकले पाहिजे, आणि माणसाची गरज दुकानदाराच्या कंदिलावर टांगलेली असता कामा नये. हे मी काकांना त्यानंतरही दर आठवड्याला ऐकवत आले. ते दर आठवड्याला म्हणत, "छाप की. पुड्यांचा कागद संपत आलाय."

गेल्या थंडीत काका गेले. दुकान त्यांच्या भाच्याकडे आले. आता विजेचा दिवा आहे, काउंटर आहे, भवानी कशाचीही चालते. परवा कामावरून येताना, चांगला अंधार पडल्यावर, मी मुद्दाम तिथे गेले आणि मीठ मागितले. भाच्याने मान वर न करता दिले. कोऱ्या तपकिरी कागदाची पिशवी, आयती चिकटवलेली. पंजा नाही, थांबा नाही, पुढारीणबाई नाही. मी ओट्यावर उगीच उभी राहिले, तर तो म्हणाला, "अजून काही?"

घरी येऊन मी आईला सांगितले, "आई, दिवे लागल्यावर मीठ मिळालं. जिंकलो आपण."

आई भाजी निवडत होती. तिने दारातच मला हाताचा पंजा दाखवला.

"थांब. दिवा लागलाय. ते बाहेर ओट्यावर ठेव. सकाळी आत घेऊ."

एवढा लढा, एवढी पत्रके, आणि तो माणूस येऊन बसला कुठे, तर माझ्याच घरात! मी पिशवी ओट्यावर ठेवली. कोणी ती उचलणार नव्हते. तिच्यावर वाचायलाही काही नव्हते.